पेठेतील घर : मालकी, ताबा आणि निवास
(पुण्याच्या जुन्या पेठांतील गृहखरेदीचा एक विचार)

प्रस्तावना

शहराच्या नव्या विस्तारात घर विकत घेणे म्हणजे साधारणतः एका वस्तूची खरेदी असते. सदनिका, तिचे क्षेत्रफळ, तिची किंमत आणि तिचा ताबा या बाबी एकाच करारनाम्यात येतात. विकणारा एक असतो, घेणारा एक असतो आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर घर घेणाऱ्याचे होते. ऐतिहासिक वस्तीत मात्र 'घर' या एका शब्दाखाली अनेक निरनिराळे हक्क एकवटलेले असतात. जमिनीची मालकी एकाची, राहण्याचा हक्क दुसऱ्याचा, ये-जा करण्याच्या बोळावर शेजाऱ्याचा अधिकार आणि घरात काय बदल करावा याविषयीचा अंतिम शब्द शासनाच्या एखाद्या खात्याचा, अशी तेथील परिस्थिती असते. पुण्याच्या जुन्या पेठा हे याचे उत्तम उदाहरण होय.

प्रस्तुत लेखात या पेठांतील घराचे स्वरूप, त्याभोवतीचे कायदेशीर संबंध आणि त्या संबंधांचा तेथील निवासावर होणारा परिणाम यांचा विचार केला आहे. पेठेत घर घेऊ इच्छिणाऱ्यास त्याचा उपयोग व्हावा हा एक हेतू आहे. त्याहून महत्त्वाचा हेतू असा की, वाडे का पडतात आणि माणसे पेठा का सोडतात, या प्रश्नाचे उत्तर भावनेपेक्षा हक्कांच्या रचनेत अधिक सापडते, हे स्पष्ट व्हावे.

पेठांची घडण

'पेठ' या शब्दाचा मूळ अर्थच व्यापारी वस्ती असा आहे. कसबा हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. त्याच्या भोवती शुक्रवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, शनिवार अशा वारांच्या नावांच्या पेठा वसल्या. १७३० साली पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याच्या बांधकामास प्रारंभ केला आणि पुणे हे मराठी राज्यकारभाराचे केंद्र बनत गेले. त्यानंतर वस्ती वेगाने वाढली. सदाशिवराव भाऊंच्या नावाने सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांच्या नावाने नारायण पेठ आणि नाना फडणिसांच्या नावाने नाना पेठ ओळखली जाते. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी ही नावे पाहिली, की निवास आणि व्यवसाय एकाच जागी नांदत असल्याची साक्ष पटते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांपर्यंत पोहोचविण्यात आले. दाट वस्ती शक्य होण्यास ही पाणीयोजना कारणीभूत ठरली.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. सरदार आणि कारकून वर्गाचे उत्पन्न आटले, मोठी कुटुंबे पांगली आणि वाड्यातील रिकाम्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. शिक्षण, मुद्रण, न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे पुण्यात येणाऱ्या मध्यमवर्गास या खोल्यांचा आधार मिळाला. एका कुटुंबासाठी बांधलेला वाडा अशा रीतीने अनेक बिऱ्हाडांचा वाडा झाला. आजच्या बहुतेक गुंतागुंतीचा उगम या स्थित्यंतरात आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. माती व विटांच्या भिंती पाण्याखाली भिजून असंख्य वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या पुण्यातील कुटुंबांनी पेठेबाहेर राहण्यास जाण्याची प्रक्रिया त्यापूर्वीच सुरू झाली होती. या आपत्तीने तिला गती दिली.

वाड्याचे शरीर

खरेदीचा विचार करणाऱ्याने प्रथम वाड्याची बांधणी समजून घेणे आवश्यक आहे. पारंपरिक वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे असते आणि त्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा उभा असतो. दोन खांबांमधील अंतरास 'खण' म्हणतात आणि घराचे मोजमापही खणांतच सांगितले जाते. दिंडी दरवाजातून आत गेल्यावर देवडी, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, त्यामागे माजघर, देवघर व स्वयंपाकघर आणि शेवटी परस, असा क्रम बहुधा आढळतो. चौकामुळे आतील दालनांना उजेड व वारा मिळतो. रस्त्याकडील बाजू बंदिस्त असूनही घर कोंदट होत नाही, याचे कारण हा चौकच होय.

या बांधणीत भार मुख्यतः लाकडी सांगाडा वाहतो. भिंत जाड दिसली तरी पुष्कळदा ती सांगाड्यामधील भराव असते. त्यामुळे भिंतीला तडा गेला म्हणून वाडा धोकादायक ठरतोच असे नाही आणि भिंत सुस्थितीत दिसते म्हणून तो सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही. पाहावयाच्या जागा वेगळ्या आहेत. खांबाचा जोत्याला टेकणारा भाग कुजला आहे काय, तुळईचे भिंतीत गेलेले टोक वाळवीने पोखरले आहे काय, कौलांतून गळणारे पाणी कडीपाटावर मुरते काय आणि मोरी व संडासाचे नळ नंतर बसविताना सांगाडा कोठे तोडला आहे, हे तपासले पाहिजे. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर देणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. चुना ओल बाहेर टाकतो, तर सिमेंट ती आत कोंडते. परिणामी, दुरुस्ती म्हणून केलेले कामच लाकूड कुजण्यास कारण होते. म्हणून जुन्या बांधणीचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घेणे हा खर्च टाळू नये.

मालकी कोणाची?

गावठाणातील व जुन्या पेठांतील मिळकतींस सात-बारा उतारा नसतो. तेथे नगर भूमापन क्रमांकाची मिळकत पत्रिका पाहावी लागते. तीत क्षेत्र, धारकाचे नाव, सत्ताप्रकार आणि वेळोवेळी झालेले फेरफार यांची नोंद असते. तथापि, ही नोंद मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. अनेक मिळकत पत्रिकांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचेच नाव आढळते. त्यांच्या पश्चात वारस किती, त्यांतील कोण हयात आहे, कोणी हक्कसोडपत्र नोंदविले आणि कोणी नुसतेच तोंडी सोडून दिले, हे शोधणे हाच खरा मालकीचा शोध होय.

येथे मुलींच्या हक्काचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिकत्वाचा अधिकार दिला. १९५६ च्या मूळ कायद्यातील कलम २३ मुळे स्त्री वारसास राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम वगळण्यात आले. मुलीचा हा हक्क जन्मतःच असून २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे सासरी गेलेल्या आत्याची वा बहिणीची सही 'नंतर घेऊ' असे सांगितले जात असेल, तर तो व्यवहार अपुरा समजावा.

एखाद्या वारसाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून तो घेण्याचा मोह होतो. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या व्यक्तीस संयुक्त ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास वाटणी अधिनियम, १८९३ च्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील सहहिस्सेदारास तो हिस्सा खरेदी करण्याची मुभा मिळते. म्हणजे अशा खरेदीत घर मिळण्यापेक्षा दावा मिळण्याचा संभव अधिक. तसेच केवळ मुखत्यारपत्र व साठेखत यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोंदणीकृत खरेदीखतास पर्याय नाही.

शेजाऱ्यांचे हक्कही दृष्टीआड करता येत नाहीत. पेठेतील घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. सामाईक भिंत, सामाईक बोळ, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे याविषयीची वहिवाट हे सारे खरेदीबरोबरच येते. वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड व हवेस भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ संरक्षण देतो. नवीन बांधकामाची आखणी करताना शेजाऱ्याची जुनी खिडकी हीदेखील एक कायदेशीर वस्तुस्थिती असते.

भाडेकरू आणि पागडी

पेठेतील वाड्याची मालकी निर्वेध असली तरी ताबा मिळेलच असे नाही, कारण तेथे भाडेकरू राहत असतात. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात सामान्य माणसाचे छप्पर त्यामुळे टिकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा पन्नास वर्षे चालला. गोठविलेले भाडे कालांतराने अन्याय्य ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात म्हटले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा मालकास मिळाली.

या वाढीचा प्रत्यक्ष अर्थ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वाड्यात दहा भाडेकरू आहेत आणि २००० साली प्रत्येकाचे मासिक भाडे ५० रुपये होते असे समजा. दरवर्षी ४ टक्के चक्रवाढ धरली, तर पंचवीस वर्षांनंतर हे भाडे सुमारे १३३ रुपये होते. दहा जणांचे मिळून वर्षाचे उत्पन्न सुमारे १६,००० रुपये. संपूर्ण छपराची कौले व वासे बदलणे तर दूरच, एक कुजलेला खांब बदलण्याचा खर्चही या उत्पन्नातून भागणे कठीण आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. मात्र ही वळती रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. वरील उदाहरणात एका भाडेकरूचे वर्षाचे भाडे सुमारे १,६०० रुपये, म्हणून वळती मर्यादा अवघी ४०० रुपये! मालकास दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूने केली तर खर्च परत मिळत नाही. वाडा पडण्यास कोणाचाही दुष्टपणा गृहीत धरण्याची आवश्यकता नाही. हा हिशेब पुरेसा आहे.

पागडीचा व्यवहारही याच रचनेतून जन्मला. १९४७ च्या कायद्यानुसार पागडी घेणे हा गुन्हा होता, तरी ती सर्रास घेतली जात असे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने तिला मान्यता दिली. भाडेहक्क सोडून देण्यासाठी वा हस्तांतरित करण्यासाठी भाडेकरू, आणि त्यास संमती देण्यासाठी मालक, मोबदला घेऊ शकतो. तथापि, पागडीने घेतलेल्या जागेत मिळतो तो भाडेहक्क. जमिनीत व इमारतीत मालकी मिळत नाही. मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही, भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि अशा जागेवर बँका सर्वसाधारणपणे गृहकर्ज देण्यास राजी नसतात. पागडीची रक्कम मालकीच्या किमतीच्या जवळ जाऊ लागली, की घेणाऱ्याने सावध व्हावे.

वाडा पडला वा पाडला म्हणजे भाडेकरू आपोआप बाहेर गेला, हा समज चुकीचा आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतून उद्भवलेल्या एका प्रकरणात इमारत नष्ट झाली तरी भाडेहक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणून मोकळी दिसणारी जागा घेतानाही तेथे पूर्वी कोण राहत होते, याची चौकशी करणे अगत्याचे ठरते.

बुधवार पेठेतील भिडे वाड्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जेथे सुरू केली, त्या वास्तूचे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी अनेक वर्षांची होती. परंतु भूसंपादन आणि भाडेकरूंचे हक्क यांविषयीचा वाद न्यायालयात दीर्घकाळ चालला व तोपर्यंत वास्तू जीर्ण होत गेली. सर्वोच्च न्यायालयात २०२३ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उरलेली इमारत पाडून स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. एवढे ऐतिहासिक मोल असलेली वास्तूही मूळ रूपात वाचू शकली नाही, तर सामान्य वाड्याची कथा काय वर्णावी?

स्मारकाची छाया

शनिवारवाडा हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र विनियमित असते. जून १९९२ च्या अधिसूचनेने आलेली ही व्यवस्था २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात समाविष्ट झाली. प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकामास परवानगी नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींची दुरुस्ती व नूतनीकरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. विनियमित क्षेत्रात परवानगीने बांधकाम शक्य असले तरी उंचीवर बंधने येतात.

स्मारकाचे रक्षण व्हावे याविषयी दुमत असू नये. परंतु या १०० मीटरांत राहणाऱ्या कुटुंबांची कोंडी समजून घेतली पाहिजे. शेजारच्या पेठेत पुनर्विकासातून मालकास उत्पन्न व भाडेकरूस पक्के घर मिळते. येथे तो मार्ग बंद आहे आणि जुन्या घराची दुरुस्ती वर दाखविलेल्या हिशेबात बसत नाही. इतिहास जपण्याचा भार, त्या इतिहासाचा ज्यांना आर्थिक लाभ नाही अशांवर पडतो. घर घेणाऱ्याने स्मारकापासूनचे अंतर अंदाजाने न ठरविता अधिकृत नकाशावरून पाहावे. वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत आहे काय व कोणत्या श्रेणीत आहे, हेही पाहावे. श्रेणीनुसार बाह्यरूप व अंतर्भाग यांत किती बदल करता येतील हे ठरते.

पुनर्विकसित इमारतीतील सदनिका

वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत सदनिका घेणे हा आज पेठेत राहू इच्छिणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग आहे. तेथेही काही विशेष बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसल्यास वा सदनिका आठपेक्षा जास्त नसल्यास प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. पेठेतील भूखंड लहान असल्याने अनेक प्रकल्प या संरक्षणाबाहेर राहण्याचा संभव असतो. अशा वेळी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मूळ मालक व भाडेकरू यांच्याशी विकासकाने केलेले नोंदणीकृत करार आणि जमिनीचे अभिहस्तांतरण गृहरचना संस्थेच्या नावे होणार आहे किंवा नाही, हे घेणाऱ्याने स्वतः तपासावे. जुन्या भाडेकरूंना द्यावयाच्या जागा कोणत्या मजल्यावर व किती, हे नकाशावर दाखविलेले नसेल, तर पुढील वादाचे बीज तेथे आहे असे समजावे.

निवासाचा अनुभव

हक्कांच्या या जंजाळानंतर प्रश्न उरतो तो असा, की माणसे पेठेत का राहू इच्छितात? याचे उत्तर अंतरात आहे. मंडई, शाळा, दवाखाना, ग्रंथालय, देऊळ, किराणा दुकान हे सारे चालण्याच्या अंतरावर असते. वृद्धांना वाहनाविना स्वतंत्रपणे जगता येते. ओळखीचे शेजारी, दारावरून जाणारी नित्याची माणसे आणि रस्त्यावर सतत असणारी जाग यांमुळे एकट्या व्यक्तीसही आधार वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. कसबा पेठ व मंडई ही त्यावरील स्थानके असल्याने उपनगरांशी संपर्कही सुकर झाला आहे.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. गल्ल्या अरुंद असल्याने वाहन लावण्यास जागा नाही आणि आग लागल्यास अग्निशामक बंब आत शिरणे कठीण जाते. गणेशोत्सवाच्या दिवसांत गर्दी व आवाज यांनी आजारी माणसांचे हाल होतात. शिवाय निवासी खोल्यांची गोदामे व दुकाने होत आहेत. व्यापारी भाडे निवासी भाड्यापेक्षा अधिक मिळत असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे रात्री कुलूपबंद राहणाऱ्या इमारती वाढतात आणि ज्या शेजारासाठी माणूस पेठेत येतो, तो शेजारच विरळ होत जातो.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पेठेत घर घेणे म्हणजे मालकी, ताबा, वहिवाट आणि परवानगी या चार निरनिराळ्या हक्कांची खरेदी आहे. यांतील प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी केल्याशिवाय व्यवहार करू नये. दुसरे असे, की वाड्यांचा ऱ्हास हा मुख्यतः दुरुस्तीचा खर्च कोणाच्याच पदरात न बसण्याचा परिणाम आहे. म्हणून संवर्धनाची भाषा करताना केवळ नियम कडक करून भागणार नाही. दुरुस्तीसाठी अल्पव्याजी कर्ज, वारसा वास्तूंना मालमत्ता करात सवलत, प्रतिबंधित क्षेत्रातील रहिवाशांना भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क आणि भाडेकरूने केलेल्या दुरुस्तीच्या वळतीवरील मर्यादेचा पुनर्विचार, असे उपाय योजावे लागतील.

महाविद्यालयांनाही येथे काम आहे. अर्थशास्त्र, विधी, इतिहास, समाजशास्त्र आणि भूगोल या विभागांनी मिळून एका आळीतील मिळकतींचे सर्वेक्षण हाती घेतले, तर कोणत्या घरात किती वारस, किती भाडेकरू, किती रिकाम्या खोल्या आणि किती गोदामे आहेत, हे समजेल. अशी माहिती हाती आल्याशिवाय आखलेले धोरण अंदाजावर उभे राहील. पेठेत आज राहत असलेल्या कुटुंबांना तेथेच सुरक्षितपणे राहता आले, तरच ती वस्ती म्हणून टिकेल. ती माणसे गेल्यावर उरलेल्या नक्षीदार दरवाजांना वारसा म्हणता येईल, वस्ती म्हणता येणार नाही.